प्राँग्जच्या बाहेर पहिल्यांदा जाताना आधी परतीचा हिशोब

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: दोन हंगाम मुंबई बंदराच्या आत शिडाची छोटी नौका चालवली आहे. आता मित्राच्या सात मीटरच्या नौकेतून दोघं गेटवेसमोरून निघणार, कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्राँग्जच्या दीपगृहाला वळसा घालून अलिबागजवळचं खांदेरी बेट आणि जमलं तर मुरूड-जंजिरा गाठणार. चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमेचा शनिवार धरला आहे. मोकळ्या समुद्रासाठी तयारी काय करावी, सामान कोणतं घ्यावं?

सामानाचं पुढे सांगते. आधी तारीख बदला.

पौर्णिमेला मुंबईत पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. म्हणजे तुम्ही पहाटे सहाला निघालात की भरतीचं पाणी बंदरात शिरत असतं आणि तुम्ही त्याच्या तोंडावर बाहेर पडत असता. दुपारनंतर घरी परतायला लागलात की तेच पाणी ओहोटीने बाहेर धावत असतं. दोन्ही वेळा पाणी विरोधात. शिवाय ते उधाणाचं पाणी. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो आणि बंदराच्या तोंडाशी प्रवाह दोन ते तीन नॉटने, म्हणजे ताशी दोन-तीन सागरी मैलांनी वाहतो. तुमची सात मीटरची नौका बऱ्या वाऱ्यात चार-पाच नॉट करणार. त्यातले तीन पाण्यानेच खाल्ले तर कुलाब्याचं तेच टोक तासभर डोळ्यांसमोर राहील.

आता अष्टमीचा दिवस घ्या. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेलं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. साडेसहाला निघालात तर ओहोटी तुम्हाला बाहेर नेते आणि दुपारी साडेबारानंतर चढती भरती आत आणते. त्यात हे भांगाचे दिवस, पाण्याचा जोर निम्म्याहून कमी. चांदणं हवंच असेल तर शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतोच. पाऊणपटीचं गणित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून तारीख ठरवताना ते वापरा आणि निघायची वेळ ठरवताना सर्व्हे ऑफ इंडियाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, अपोलो बंदराचा. नकाशा मात्र नौदलाच्या हायड्रोग्राफिक कार्यालयाचा घ्या. दोन्ही कार्यालयं देहरादूनला, समुद्रापासून इतकी लांब, पण आपल्या दर्याचा हिशोब तिथेच छापला जातो.

पाणी एका लयीत चढत-उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. सगळा जोर मधल्या दोन तासांत असतो. प्राँग्जचा वळसा त्या दोन तासांत घालायचा नाही.

पाण्यानंतर वारा. माझे बाबा ससून डॉकवर तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे कप्तान होते. मी त्यांच्याबरोबर लहानपणापासून जायची. पुढे शिडाच्या नौका शिकले आणि आता पंचवीसेक वर्षं शिकवते. बाबा वाऱ्याबद्दल फार बोलत नसत. पण एक वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल: "वारा पाठीवर हाय तवर तो कलत नाय, पोरी." म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा जोर कळत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे वाऱ्याचा दिवस ठरलेला असतो. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे सुटतो, ईशान्येकडून, हलका आणि कोरडा. नऊ-दहानंतर तो मरतो. तासभर शीड लोंबकळत राहतं, नवखी माणसं कंटाळून इंजिन लावतात. मग बाराच्या पुढेमागे खारा वारा येतो, पश्चिमेकडून सुरू होऊन वायव्येला सरकत, आणि तीन-चार वाजता पंधरा नॉटच्या आसपास पोचतो. थंडीत उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला असेल तर वीसच्या वर.

तुम्ही दक्षिणेला चाललेले असाल तर हा वायव्येचा वारा पाठीवर येतो. पंधरा नॉटच्या वाऱ्यात पाच नॉटने पळणाऱ्या नौकेवर बसलेल्या माणसाला वारा दहाचाच वाटतो. ऊन छान, नौका सरळ, डब्यातली भाकरी खाता येते, सगळे खुशीत. आता तोंड फिरवा. तोच वारा समोरून एकोणीस-वीसचा लागतो, आणि शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ चौपट. जी लाट मागून उचलून पुढे नेत होती तीच आता नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर आपटते.

हे मी स्वतः चुकून शिकले. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघं खांदेरीपर्यंत गेलो. निघायचं होतं अकराला, पण वारा इतका सुखाचा होता की अडीच वाजेपर्यंत खाली उतरत राहिलो. वळलो आणि दहा मिनिटांत नौका इतकी कलली की बाजूची कड पाण्याखाली. शीड गुंडाळून लहान करायचं, म्हणजे रीफ घ्यायचं, हे कळत होतं. पण रीफची दोरी आम्ही निघतानाच नीट ओवलेली नव्हती. डोलकाठीला एका हाताने मिठी मारून, फडफडणाऱ्या कापडाच्या कडेतलं ते पितळी कडं शोधत मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. दोन बोटांची कातडी सोलली ते आठवतं. कापड तोंडावर चाबकासारखं बसत होतं. एक मित्र उलट्यांनी गळालेला, दुसऱ्याच्या हातात सुकाणू. त्या वेळी मी पाण्यात गेले असते तर नौका वळवून मला उचलणारं कोणी नव्हतं. लाइफ जॅकेट केबिनमध्ये होती. अंधार पडल्यावर ओहोटीशी झगडत रात्री दहाला आत आलो.

म्हणून माझा नियम: परतायची वेळ जमिनीवर ठरते, कागदावर लिहिली जाते, आणि समुद्रात ती फक्त अलीकडे येऊ शकते, पुढे जाऊ शकत नाही. "अजून अर्धा तास, वारा छान आहे," हे वाक्य ज्या क्षणी कोणी बोलेल त्या क्षणी नौका वळवायची. आणि पहिलं रीफ धक्का सोडण्याआधीच घेऊन बघायचं, हात बसेपर्यंत.

जंजिऱ्याचा हिशोब याच रीतीने मांडा. गेटवेपासून खांदेरी साधारण चौदा सागरी मैल, जंजिरा चाळीसच्या आसपास. जाताना पाठीवरच्या वाऱ्याने आठ-दहा तास. येताना दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात सरळ येताच येत नाही, डावी-उजवीकडे टॅक मारत यावं लागतं, चाळीसाचे पंचावन्न मैल होतात आणि सगळे समोरच्या लाटेत. दोन नवशिक्यांनी हे करू नये. आम्ही परतताना राजपुरीच्या खाडीतून रात्री दीड-दोनला नांगर उचलतो. मतलई वारा उजव्या अंगाने येतो, समुद्र सपाट असतो, सकाळी दहापर्यंत तीस मैल मागे पडतात. मग वारा मरतो तेव्हा न्याहारी, थोडी झोप, आणि दुपारचा खारा वारा आणि चढती भरती दोन्ही धरून बंदरात. पण हे रात्रीचं काम आहे, आणि तुम्ही अजून एकही रात्र पाण्यात काढलेली नाही.

नवख्या माणसाला खोल पाण्याची भीती वाटते, आणि तीच भीती त्याला किनाऱ्याच्या जवळ जवळ ठेवते. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे नेमकं उलटं हवं. दुपारचा सगळा वारा किनाऱ्याकडे ढकलणारा. काही बिघडलं, शीड फाटलं, इंजिन बंद पडलं, की नौका पूर्वेला वाहत जाणार. थळच्या समोर खडक आहेत, उंदेरी आणि थळच्या मधलं पाणी उथळ, अलिबाग-चौलच्या समोर चौल कडूचा खडकाळ भाग. दोन मैलांवर असाल तर दुरुस्तीला तासही मिळत नाही. पाच मैलांवर असाल तर नांगर काढायला, दोरी मोजायला, फोन करायला वेळ मिळतो. नांगराची दोरी खोलीच्या निदान पाचपट ठेवा, आणि खोली मोजताना भरतीची उंची मिळवायला विसरू नका. आपल्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच. त्यामुळे पाच मैलांवरही नांगर टाकता येतो, हा आपला फायदा. तोटा असा की उथळ पाण्यात लाट आखूड आणि उभी होते.

लाटेच्या अंदाजात फक्त उंची बघू नका. दीड मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर नौका तिच्यावर सावकाश चढते-उतरते. तीच दीड मीटर पाच सेकंदांनी येत असेल तर एका लाटेतून सावरण्याआधी दुसरी आदळते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राच्या अंदाजात दोन्ही आकडे असतात, आणि जी उंची दिलेली असते ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे अधूनमधून तिच्या पावणेदोनपट लाट येणारच. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघायच्या आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा वाचा. दिवाळीनंतरचा महिना सुरक्षित, असं धरून चालू नका. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं, आणि त्या वेळी कोकणातल्या कितीतरी नौका मासेमारीला बाहेर होत्या. जून ते सप्टेंबरचा तर विचारच नको. मच्छीमारीची बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, पण मोठ्या ट्रॉलरला जमणारं पाणी शिडाच्या सात मीटरला जमत नाही.

बंदराच्या तोंडाशी जहाजं. बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रांगेतून बाहेर पडताना लाल बोया उजव्या हाताला, हिरवा डाव्या हाताला, आत येताना उलटं. ही रांग मोठ्या जहाजांची वाट आहे. तुम्ही त्या वाटेच्या बाहेर, कडेकडेने चालायचं, तुम्हाला तिथेही भरपूर पाणी आहे. शिडाच्या नौकेला इंजिनवाला वाट देतो, हे पुस्तकात वाचलेलं या ठिकाणी लागू नाही. अरुंद मार्गातच चालू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या किंवा वीस मीटरपेक्षा लहान नौकेने अडथळा करायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बारा नॉटने येणारं जहाज पाच मिनिटांत एक सागरी मैल कापतं आणि त्याच्या नाळेखालचं काही शे मीटर पाणी कप्तानाला दिसतच नाही. वाट ओलांडायचीच असेल तर काटकोनात, इंजिन लावून, एका दमात.

एक सवय लावून घ्या. जहाज दिसलं की सुकाणूजवळच्या आपल्या जागेवरून ते आणि डोलकाठीची बाजूची तार एका रेषेत धरा. आपली दिशा न बदलता दोन मिनिटं थांबा. जहाज तारेच्या पुढे सरकलं तर ते पुढून जाईल, मागे राहिलं तर मागून. तारेवरच चिकटून राहिलं आणि मोठं होत गेलं, तर टक्कर ठरलेली आहे. लगेच वळा, आणि इतकं वळा की त्याला दिसेल. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठीच आहेत असं समजा.

जाळ्यांबद्दल पुस्तकं लिहीत नाहीत म्हणून जास्त सांगते. मुंबईच्या समोर, विशेषतः वर्सोवा-मढ-गोराईकडे, डोल जाळी खुंटांना बांधून प्रवाहात सोडलेली असतात. दक्षिणेला तरती जाळी, मैलभर लांब. वर दिसतात ते काळे-पांढरे फ्लोट, कधी रिकामे कॅन, कधी बांबूला लावलेलं फडकं. दुपारच्या लाटांत ते शंभर फुटांवरूनही दिसत नाहीत. इंजिनाच्या पंख्यात दोरी अडकली की आधी इंजिन बंद, शीड सोडा, मग बघा. चाकू दातेरी हवा आणि तो सुकाणूजवळ बांधलेला हवा, स्वयंपाकाच्या डब्यात नको. जाळं कापावंच लागलं तर जवळच्या होडीला हाक मारा, बोला. ते कोणाचं तरी कर्ज काढून घेतलेलं जाळं असतं. आणि तुम्ही अडचणीत असाल तेव्हा सगळ्यात आधी तीच होडी येणार आहे. माझ्या माहितीत समुद्रात बिघडलेल्या शिडाच्या नौका ज्यांनी ओढून आणल्या त्यात कोळी बांधवच जास्त.

रात्री मुंबईजवळ अंधार हा त्रास नसून उजेड हा त्रास आहे. नांगरलेली जहाजं डेकवर सगळे दिवे लावून उभी असतात, मागे शहराची झगमग, आणि त्यातून चालत्या जहाजाचा लाल किंवा हिरवा बाजूचा दिवा वेगळा काढायचा असतो. ट्रॉलरला नियमाने पांढऱ्यावर हिरवा, इतर मासेमारी नौकेला पांढऱ्यावर लाल. पण बऱ्याच होड्यांवर रंगीत लुकलुकत्या एलईडी माळा असतात, त्यांवरून काही ठरवू नका. प्राँग्जचं १८७५ सालचं दीपगृह आणि खांदेरीचं त्याच्याही आधीचं, १८६७ सालचं, यांची लुकलुक मोजायला शिका. मोबाइलची बॅटरी संपली तरी त्या दोन दिव्यांवरून तुम्ही कुठे आहात ते होकायंत्राने काढता यायला हवं. नकाशावर पेन्सिलीने दर तासाला एक फुली, वेळेसकट.

आता सामान. दोघांना अंगावर घातलेली लाइफ जॅकेट, शिट्टी आणि दिव्यासकट. कंबरपट्ट्याची दोरी, जी रात्री आणि रीफ घेताना नौकेला अडकवलेली असलीच पाहिजे. मासेमारी नौकांत डॅट नावाचं संकटसंदेशाचं यंत्र असतं तसं तुमच्याकडे आपत्कालीन संदेश देणारं एखादं यंत्र, नाहीतर निदान व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल १६ वर चालू. हातातल्या व्हीएचएफचा पल्ला छोट्या नौकेतून चार-पाच मैलच, हे धरून चाला. मदत मागायचे लाल फ्लेअर, म्हणजे पेटवायच्या खुणेच्या मशाली, मुदत तपासून. रडार परावर्तक, डोलकाठीवर बांधलेला. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, दोन वेगळ्या कॅनमध्ये. हातपंप आणि बादली. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. ओळखपत्रं आणि नौकेची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारण तटरक्षक दल किंवा सागरी पोलीस थांबवून विचारतात. नौदलाच्या जहाजांपासून आणि तेलाच्या जेट्टीपासून दूर राहा.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला कागद द्या: कोण, कोणती नौका, कुठून कुठे, किती वाजता परत. त्या वेळेनंतर दोन तासांत तुमचा फोन आला नाही तर त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा. हा माणूस घाबरट नसावा आणि संकोचीही नसावा. मी माझ्या बहिणीला सांगते, ती एक मिनिटही जास्त थांबत नाही.

दोघंच जाताय, म्हणून माणूस पाण्यात पडला तर काय, हे आधी बंदरात दहा वेळा करून बघा. टोपी टाका, शहाळं टाका. जो नौकेवर राहिला त्याने एकट्याने वळवून, शीड सैल सोडून, नौका थांबवून ते उचलायचं. पहिल्या तीन वेळा जमणार नाही. पंधरा मिनिटांच्या आत दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत दोघांनी प्राँग्ज ओलांडू नये, असं मी स्पष्टच सांगते.

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून म्हादेई या शिडाच्या नौकेवर एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, त्याआधी त्यांनी मॉरिशसपर्यंतची फेरी केली होती आणि परतीचा प्रवास एकट्याने केला होता. तुमची पायरी त्याहून फार लहान, पण पायऱ्या तुम्हीही करा. पहिल्या अष्टमीला साडेसहाला निघा, प्राँग्जला वळसा घाला, दीपगृह ईशान्येला येईपर्यंत बाहेर जा आणि दहाला वळा, वारा असो वा नसो. पुढच्या खेपेला खांदेरी, साडेअकराला परत. तिसऱ्या खेपेला एक रात्र बंदराच्या आतच नांगर टाकून काढा, आळीपाळीने तीन-तीन तास जागून, दर तासाला दिवे मोजून वहीत लिहा. ही वही मला पाठवा, जंजिऱ्याची तारीख मग बघू.